बाळंतपण झाल्यावर बघू

घिवली,
६ नोव्हेंबर २०२४

चि. तेजल हिस,
घिवलीहून मंदाकाकीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस फोन लावून लावून तुझी बोटं दुखली असतील. चारुताचा फोन मीच बंद करून कपाटात ठेवला आहे, तेव्हा बहिणीवर डाफरू नकोस. गर्भसंस्काराच्या शिबिरात बाईंनी बजावून सांगितलं की पाचवा महिना सरला की बाळंत होईपर्यंत घरात फोन नको, त्याच्या लहरींनी पोटातलं बाळ किरकिरं होतं. आईने त्यापेक्षा सुवाच्य अक्षरात पत्रं लिहावीत. चांगलं तेवढंच लिहावं, चांगलं तेवढंच वाचावं. मला ते फार पटलं. माझाही फोन कपाटात गेला. प्रीतम त्याचा कंपनीत नेतो आणि आला की पडवीत ठेवतो. यांचा एक साधा फोन तेवढा वाडीत चालू असतो, नारळवाल्यांपुरता. तुझ्या सालवडच्या खोलीवर टपाल येतं ना? मग झालं तर.

आता मुख्य गोष्ट. भाऊबीजेला दुपारची जेवणं उरकली आणि चारुताच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. पार खांद्यापर्यंत जाते म्हणाली. दोनदा ओकली, घामाने भिजली. बोईसरला नेलं तर सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टर म्हणतो, सहावा महिना लागलाय, हीच वेळ बरी आहे, दुर्बिणीने पिशवी काढून टाकू. मी म्हटलं, वा रे वा! पोटात लेकरू आणि हा पोटाला भोकं पाडणार! प्रीतमने नको म्हणून सही केली आणि आम्ही तिला घरी आणलं. बाळंतपण झाल्यावर बघू. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात एक गेलं, ते मी विसरले नाही.

तू लगेच शहाणपण शिकवायला धावशील, म्हणून आधीच सांगते. लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या हलवल्या म्हणून कुणी डॉक्टर होत नाही हो. चिडू नकोस, गंमत केली. तुला या महिन्यात चौतीस पूर्ण झाली ना? एकटीने राहून माणूस तिखट होतं, त्याला तू तरी काय करणार!

वाडीतली शहाळी पाठवते आहे, लोभ आहेच तो वाढू दे.

तुझी,
मंदाकाकी

*

सालवड,
९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मंदाकाकी यांस,
तेजलचा सा. न. वि. वि.

शहाळी मिळाली. गोड होती. मी तिखट आहे हे खरं, त्यामुळे तिखटच लिहिते.

काकी, मी डॉक्टर नाही, पण ज्यांनी चारुताला तपासलं ते आहेत. मी काल मुद्दाम त्यांना जाऊन भेटले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पिशवीत बारीक बारीक सात-आठ खडे आहेत. मोठा खडा पिशवीतच बसून राहतो, बारीक खडा घसरतो. तो घसरून पित्ताच्या नळीत अडकला की पित्त मागे तुंबतं, कावीळ होते, आणि तिथे पू झाला तर विष सगळ्या रक्तात जातं. मग आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर येतं. आज ऑपरेशन केलं तर तीन दिवसांत ती घरी येईल. आठव्या महिन्यात हेच अवघड होऊन बसेल. समजा खडा नळीत गेलाच, तरी तोंडातून नळी घालून तो काढता येतो, पोटावर शिशाचं आवरण घालून, पण त्यासाठी वेळेवर न्यायला लागतं.

आणि तोपर्यंत तिला तूप, साय, खोबरं, तळलेलं काही नको. तुम्ही लाडाने चमचाभर तूप जास्त वाढता, मला माहीत आहे. तुमचा हात मोठा आहे. पण त्या चमच्यानेच कळ उठते.

प्रीतमरावांना फोन केला. ते म्हणाले आईला विचारा. एकतीस वर्षांचा माणूस, कंपनीत चाळीस कामगारांवर हुकूम सोडतो, आणि बायकोच्या पोटाचं आईला विचारा! मी पुढच्या रविवारी, सतरा तारखेला येते आहे. चारुताला घेऊन बोईसरला जाईन. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिला मी वाढवली आहे, हे तुम्ही जाणताच.

राग नसावा, असला तरी माझ्यावर असावा.

आपली,
तेजल

*

घिवली,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

मी अगदी मजेत आहे. रोज सकाळी समुद्रावर फिरायला जाते, मग स्तोत्र म्हणते, मग हे पत्रलेखन. आई म्हणतात माझं अक्षर सुधारलं. बाळ फार हलतं, विशेषतः बाबा वाडीतून आले आणि त्यांनी हाक मारली की.

रविवारी तू आलीस आणि जे झालं त्याचं मला वाईट वाटतं. तू आईंना सगळ्यांसमोर अडाणी म्हणालीस, तसं म्हणायला नको होतं. त्या दिवसभर जेवल्या नाहीत. ताई, मीच नाही म्हटलं, कुणी मला बांधून ठेवलेलं नाही. मला भीती वाटते गं. मागच्या वेळी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी काय काय बोलले होते, आठवतं ना? भुलीचं औषध, दुर्बीण, आणि शुद्धीवर आले की पुन्हा पोट रिकामं, असं रोज मनात येतं. कळ आली तर मी सोसेन. कळ जाते. गेलेलं बाळ येत नाही.

म्हणून आता सातव्याची ओटी भरेपर्यंत तू येऊ नकोस. तू आलीस की भांडण होतं आणि आई म्हणतात रागाचा बाळावर परिणाम होतो. माझ्यावर रागावू नकोस. रागावलीस तरी लवकर विसर, नेहमी विसरतेस तशी.

तुझ्या मायेची हक्काने धनी असलेली,
चारुता

ता. क. : अक्षर बघितलंस का किती वळणदार झालंय! एक खाडाखोड नाही. मी वाचूनच पाकिटात घातलं. - मंदाकाकी

*

सालवड,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. चारुता हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोघींनी मिळून छान लिहिलं आहे.

येऊ नकोस म्हणालीस, बरं. मी येणार नाही. तेरा वर्षं मी तुझी वेणी घातली, फी भरली, तुझ्या लग्नासाठी माझं लग्न पुढे ढकललं आणि मग ते राहूनच गेलं, हे काही मी उपकार म्हणून सांगत नाही. पण सगळ्यांसमोर तू त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिलीस आणि मला दार दाखवलंस, ते मला लागलं आहे. नेहमी विसरते, या वेळी विसरायचा विचार नाही. तुला गरज वाटली तर तू बोलव. तू बोलवल्याशिवाय मी घिवलीची रिक्षा धरणार नाही, माझा शब्द आहे.

तूप खाऊ नकोस. ताप आला, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर कुणाचंही न ऐकता दवाखाना गाठ. हे पत्र आधी काकी वाचतील, तर त्यांनाही हेच सांगणं आहे.

तुझी,
ताई

*

घिवली,
१२ डिसेंबर २०२४

चि. तेजल हिस,
मंदाकाकीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं चारुताला लिहिलेलं पत्र मी तिला दिलं नाही. कसलं ते पत्र! ताप काय, पिवळं काय! पोटुशीने असलं वाचायचं असतं का? ताईने आशीर्वाद कळवलेत आणि कामात आहे, असं मी तिला सांगितलं. ती हिरमुसली, पण जरा वेळाने हसली.

आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. तिनेही माझ्याबरोबर उपास धरला. मी नको म्हटलं होतं, पण तिचीच हौस. तशीही हल्ली तिला जेवण जात नाही. अंगाला खाज सुटते म्हणते, तळहात-तळपाय खाजवून लाल करते. पोट ताणलं की खाज सुटतेच, मलाही प्रीतमच्या वेळी सुटली होती. खोबरेल चोळते आहे.

बावीस तारखेला रविवारी डोहाळजेवण ठरलं आहे. हिरवी साडी आणली, फुलांच्या वाडीचं सांगून ठेवलं, नव्वद पानं होतील. तू ये. ओटी सवाष्णी भरतील, तेव्हा तू जरा मागे बस, एवढंच. मनाला लावून घेऊ नकोस. घरची माणसं आहोत म्हणून स्पष्ट बोलते. नाहीतर त्या दिवशी तुझी ड्यूटी असेल तर तसं कळव, पानं मोजून लावायची आहेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मंदाकाकी

*

घिवली,
१९ डिसेंबर २०२४

चि. तेजल हिस,
दिनानाथ सावे याचा आशीर्वाद.

मी कधी कोणाला पत्र लिवलं नाय. चूकभूल माफ कर. मंदाला न सांगता लिवतो हाय, वाडीत बसून.

पोर पिवळी झाली हाय. सहा दिवस झाले. डोळे बघवत नाय. मंदा म्हणते कावीळ हाय, कावीळ उतरवायची असते. मारुती म्हणून एक म्हातारा हाय, त्याच्याकडे काविळीची माळ मिळते, काटक्यांची. ती डोक्यावर ठेवायची, मग जशी वाढते तशी गळ्यात उतरते, आणि कावीळ पण उतरते म्हणतात. तो म्हातारा चांगला, तो पोटुशा बाईला माळ देतच नाय, दवाखान्यात न्या म्हणतो. म्हणून मंदाने माझ्या नावावर आणली. दिनानाथला कावीळ झाली असं सांगून. मी बाजूला उभा होतो. मी काय बोललो नाय.

काल दुपारपासून तिला थंडी वाजते. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. प्रीतम म्हणाला दवाखान्यात नेऊ, तर मंदा म्हणाली रविवारी नव्वद माणूस जेवायला येणार, त्यात पोर दवाखान्यात निजलेली बघून लोक काय बोलतील, सोमवारी नेऊ. तो गप बसला. आमच्या घरात सगळे गप बसतात.

ती मला काल म्हणाली, बाबा, ताई रागावली हाय का, पत्र का येत नाय. मी तिला सांगितलं, येईल.

तू ये. हे पत्र मिळालं की लगेच ये. मी सांगितलं असं मात्र बोलू नको.

दिनानाथ

*

सालवड,
८ जानेवारी २०२५

ती. दिनानाथकाका यांस,
तेजलचा नमस्कार.

तेराव्याला मी तुमच्याशी बोलले नाही. तिथे बोलले असते तर फार मोठ्याने बोलले असते. म्हणून आता लिहिते.

तुमचं पत्र मला पंचवीस डिसेंबरला दुपारी मिळालं. दाराच्या फटीतून पोस्टमनने आदल्या दिवशी टाकलं असावं. मी चारुताला अग्नी देऊन घरी येत होते. कुलूप उघडलं आणि त्याच्यावर पाय पडला.

काका, तुमच्या खिशात फोन होता. नारळाचा भाव विचारायला तुम्ही दिवसातून दहा वेळा तो काढता. माझा नंबर तुमच्या त्या फोनमध्ये मी स्वतः घालून दिला होता, लग्नाच्या वर्षी. एकोणीस तारखेला तुम्ही वाडीत एकटे बसला होता. दोन मिनिटं बोलला असतात तर मी अर्ध्या तासात घिवलीला असते. तुम्ही पाकीट आणलंत, तिकीट लावलंत आणि पेटीत टाकलंत. काकींनी घरात फोन नको म्हटलं होतं, म्हणून तुम्ही वाडीतही लावला नाहीत. इतका धाक!

मी स्वतःला सोडत नाही. काकींच्या पत्रात खाज हा शब्द मी वाचला होता. बारा वर्षं काविळीचे रिपोर्ट काढते मी, पित्त तुंबलं की आधी खाज सुटते हे मला झोपेतही कळायला हवं. पण मी पुढचं सवाष्णींचं वाक्य वाचलं, भडकले आणि पत्र फेकून दिलं. डोहाळजेवणाला ड्यूटी आहे असं खोटंच कळवलं. माझा शब्द होता ना, ती बोलवेल तेव्हाच जाईन. ती तुम्हाला विचारत होती, ताई का लिहीत नाही, आणि मी खोलीत शब्द पाळत बसले होते.

रविवारी हिरव्या साडीत, फुलं माळून, एकशेतीन ताप असताना तिला पाटावर बसवलं. फोटो पाहिले मी. पिवळेपणा दिसू नये म्हणून तोंडाला पावडर चोपडली आहे. चौथी सवाष्ण ओटी भरत असताना ती कलंडली. प्रीतमरावांनी तेव्हा फोन केला. बोईसरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विरारला पाठवलं. तिथे त्यांनी संध्याकाळी बाळ काढलं आणि नळीतला खडाही काढला. हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. पण विष सगळीकडे गेलं होतं. मंगळवारी सकाळी ती गेली. शेवटी शुद्धीवर आली असेल नसेल, मी तिच्या कानात बोलत होते, तिला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही.

बाळ बाराशे ग्रॅमचं आहे. मी रोज जाते. नर्स त्याला माझ्या छातीवर उघडं ठेवतात, त्याने त्याचं अंग गरम राहतं. चार-चार तास बसते. मुलगी आहे हे कळल्यापासून तुमच्याकडचं कुणी दोनदाच आलं.

तुम्हाला क्षमा करायला मी मोठी नाही. तब्येत सांभाळा.

तेजल

*

घिवली,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल हिस,
मंदाकाकीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तू विरारला गेलीस आणि खाट रिकामी बघून गोंधळ घातलास, असं प्रीतमला तिथून कळलं. बाळाला आम्ही सकाळीच घरी आणलं. वजन दोन किलो भरलं, सोडा म्हणाले, आणलं. तुला विचारायचं राहून गेलं. पण बाळ सावेंचं आहे, विचारायचं कुणी कुणाला?

झालं ते झालं. देवाने नेलं, तिथे आपण कोण? मी तिच्यासाठी काय कमी केलं, ते गावाला विचार. पायाला तेल लावलं, नव्वद पानांचं डोहाळजेवण केलं. तू मनात काय धरून आहेस ते मला कळतं, तरीही मी पहिलं पाऊल टाकते आहे.

बाळ रात्रंदिवस रडतं. माझ्याने उचलवत नाही. मुलगी असली तरी आपलंच रक्त आहे, तिला आई हवी. प्रीतमला वाणगावकडचं एक स्थळ आलं आहे. मुलगी बरी आहे, माणसंही मानणारी आहेत. पण मी म्हटलं, आधी घरचं बघू. तुझंही लग्नाचं वय निघून गेलंच आहे, प्रीतम तीन वर्षांनी लहान, पण आता असलं कोण बघतं? मावशीची आई झालीस तर बाळ तुझ्याजवळ राहील. आमचं काही मागणं नाही. तुझं तोंड जरा आवरावं लागेल, एवढंच. ती मागची पत्रं, ते रिपोर्ट, जे काही तू साठवून ठेवलं असशील ते जाळून टाकून ये. नव्या संसारात जुनं कशाला?

वाणगावचं ठरलं तर मात्र नवी आई आल्यावर मावशीचं येणं-जाणं बरं दिसणार नाही. बाळाचाही जीव दोन ठिकाणी नको. आठ दिवसांत कळव, त्यांना उत्तर द्यायचं आहे.

बारशाला नाव मेघाली ठेवणार आहोत. चारुताने वहीत लिहून ठेवलं होतं म्हणे.

आपुलकी आहे म्हणून लिहिलं.

तुझी,
मंदाकाकी

*

सालवड,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मंदाकाकी यांस,
तेजलचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. दोन दिवस विचार केला. वाणगावच्या लोकांना नाही म्हणून कळवा. मी येते.

प्रीतमरावांबद्दल माझ्या मनात काही नाही, पुढेही काही येणार नाही, हे त्यांना लग्नाआधी माहीत असलेलं बरं. मी डोहाळजेवणाच्या आदल्या दिवसापर्यंत माणसांना खूप जीव लावत असे. आता तो फक्त एकीवर आहे. तिचं डोकं माझ्या गळ्याशी बरोबर बसतं. सहा आठवडे ती माझ्या अंगावर झोपली, तिचं नाव मेघाली सावे असो की आणखी काही, मी तिला वाणगावला देणार नाही. तुम्ही मला नेमकं ओळखलंत. याबद्दल तुमचं कौतुक करायला हवं.

तोंड आवरीन. तुमच्या घरात भांडणार नाही, चार लोकांत तुम्हाला कधी खाली बघायला लावणार नाही. सकाळी तुम्हाला चहा देईन, दुखलंखुपलं तर बोईसरला नेईन, तुम्ही नको म्हणालात तरी नेईन. तुमच्या जेवणात तूप कमी घालीन. शुगर, बीपी, सगळं दर तीन महिन्यांनी माझ्या लॅबमध्ये तपासून घेईन. तुमची सून तुम्हाला जपते, असं गाव म्हणेल.

कागद मात्र जाळणार नाही. मुलीने मला आई म्हणावं असंही मी तिला शिकवणार नाही. ती मावशीच म्हणेल, आणि केव्हातरी विचारेल की आई कशाने गेली. चौथ्या-पाचव्या वर्षी मुलं विचारतात, तेव्हा मी थोडंसं सांगीन. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती पुन्हा विचारेल, तेव्हा सगळं वाचायला देईन, माझी चूकही त्यात आहे, तीही लपवणार नाही. त्या वेळी तुम्ही समोर असाल. तिला काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी मधे बोलणार नाही.

म्हणून एकच मागणं आहे, आणि ते अगदी मनापासून आहे. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. त्यासाठी जे करावं लागेल ते मी करीन.

आपली होणारी सून,
तेजल